फुगडीचा खांदा

फुगडी हा नाच की खेळ, असा प्रश्न मी दरवर्षी लोकसाहित्याच्या तासाला मुलांपुढे टाकते. मुले हसतात, मुली एकमेकींकडे पाहतात आणि मग मागच्या बाकावरचा कोणीतरी सांगतो, "मॅडम, खेळच तो. फुगडी खेळतात म्हणतो आपण. फुगडी नाचतात असं कोण म्हणतं?" उत्तर भाषेला धरून आहे, परीक्षेत मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन. तरी ते मला पटत नाही. लावणीत नर्तकी एकटी असते. लेझीम फळी धरून चालते. टिपऱ्यांत जोडीदाराशी संबंध येतो तो टिपरीपुरता, आणि झिम्म्यात तळहाताला तळहात लागतो तेवढाच. फुगडीत मात्र सबंध देह दुसरीच्या हाती द्यावा लागतो. चवडे जुळवायचे, हातांची अढी घालायची, मागे रेलायचे, आणि समोरची धरून ठेवील या भरवशावर गरगरा फिरायचे. याला नुसता खेळ म्हणायचे असेल तर म्हणोत बापडे.

जोडीने नाचायचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साहेबी नाच उभे राहतात. गोव्यात ते पोर्तुगीज अमदानीत रुजले. पुण्यात आता साल्सा शिकवणारे वर्ग आहेत आणि तिथे माझ्या विद्यार्थिनीही जातात. त्यांचेही खांदे दुखतात. जोडीदाराने हात डोक्यावरून नेऊन गिरकी द्यायची म्हटल्यावर दुसरे काय होणार? पण आपला घरचा जोडनाच त्याहून किती तरी जुना. संत एकनाथांच्या भारुडांत फुगडी आहे. वारीच्या वाटेवर धोतर-टोपीतले वारकरीही विसाव्याला फुगडी घालतात. एकमेकांचे गाव ठाऊक नसलेली दोन माणसे हातात हात गुंफून फिरतात, आणि फुगडी थांबली की एकमेकांच्या पाया पडून आपापल्या दिंडीत जातात. गोव्यात आणि कोकणात तर फुगडीचे स्वतंत्र संसार आहेत. घाटावर ती मुख्यतः बायकांची राहिली, नागपंचमीची, गौरीची आणि मंगळागौरीची. डॉ. सरोजिनी बाबरांसारख्यांनी बायकांच्या खेळांची गाणी जमवून ठेवली म्हणून ती आज वर्गात शिकवता तरी येतात. मात्र ही गाणी म्हणताना खांद्यावर काय बेतते, हे कुठल्याही गाण्यात मला सापडलेले नाही. गाण्यांतल्या बायका सासूबद्दल बोलतात, नणंदेबद्दल बोलतात. सांध्यांबद्दल बोलत नाहीत.

मी राहते धायरीला. सिंहगड रस्त्याने निघून धायरी फाट्याची गर्दी ओलांडली की आमचे गाव लागते. गाव म्हणायचे ते सवयीने. २०१७ साली धायरी पुणे महापालिकेत गेली आणि त्याच्या कितीतरी आधीच शेतांतून इमारती उगवू लागल्या होत्या. धारेश्वराचे देऊळ आणि गावठाणातली काही जुनी घरे सोडली, तर बाकी वस्ती आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांची. आमच्या सोसायटीत खानदेश आहे, सोलापूर आहे, चिपळूण आहे, नागपूरही आहे. आषाढ लागला की खालच्या वाहनतळात एक कोपरा झाडून घेतला जातो आणि संध्याकाळी साडेआठला, पोळ्या लाटून झाल्यावर, आमच्या मंगळागौरीच्या खेळांची तालीम सुरू होते. २०२३ साली 'बाईपण भारी देवा' हा चित्रपट आला. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा अशी त्याची गोष्ट. त्यानंतर तर आमच्या भागात हे वेड दुप्पट झाले. पूर्वी मंगळागौर नव्या नवरीची असे. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे, श्रावणातल्या मंगळवारी पूजा आणि रात्रभर जागरण. खेळणाऱ्या मुली विशीच्या आतबाहेरच्या असत. आता खेळणाऱ्या आम्ही पंचेचाळिशीच्या आणि पन्नाशीच्या, आणि ज्यांची मंगळागौर आहे त्या नवऱ्या मुली खुर्चीवर बसून आमची छायाचित्रे काढतात. हा फरक गमतीचा वाटेल. खांद्याच्या दृष्टीने तो मुळीच गमतीचा नाही.

आम्ही चौदा जणी. त्यांतल्या पाच जणींचे खांदे कमीअधिक धरलेले आहेत, हे मी पुढे चौकशी करू लागल्यावर कळले. तोवर प्रत्येकीला वाटत होते की आपल्या एकटीचेच दुखते.

माझी फुगडीची जोडीण गावठाणातली. आमची इमारत जिथे उभी आहे त्याच्या शेजारच्याच रानात तिने लग्न होऊन आल्यावर ज्वारी काढली आहे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी तिला वहिनी म्हणते, ती मला ताई म्हणते. उंची सारखी, वजन जवळजवळ सारखे. फुगडीत जोडी जमायला ही दोन कारणे पुरेशी असतात. मने जुळलीच तर तो वरचा नफा. आमच्या बाबतीत तो नफाही झाला.

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात माझा उजवा खांदा दुखू लागला. फळ्याची वरची ओळ लिहिताना हात अडू लागला, म्हणून मी फळ्याच्या मध्यापासून लिहायला सुरुवात केली. मुलांना वाटले, बाईंनी काहीतरी नवी पद्धत काढली. मग अंबाडा घालणे जमेना. ब्लाऊजची मागची नाडी मुलीकडून बांधून घ्यावी लागू लागली. रात्री उजव्या कुशीवर वळले की जाग येई, आणि जाग आली की खांद्यात कुणी गिरमिट फिरवीत असल्यासारखे वाटे. तरी दिवसा चार माणसांत हे दिसत नसे. ते ओळखले वहिनीने. आषाढातल्या पहिल्या तालमीत आम्ही तीन-चार फेरे घेतले असतील-नसतील, तोच ती हळू झाली आणि थांबली.

"काय झालंय ओ ताई? हात ओढंना तुमचा."

फुगडीत लपवाछपवी चालत नाही. नवऱ्याला महिनाभरात जे दिसले नव्हते ते तिच्या तळहातांना चार फेऱ्यांत कळले.

सल्ल्यांना काय तोटा! एकीने एरंडाची पाने सांगितली, दुसरीने मोहरीच्या तेलात लसूण जाळायला सांगितले. तिसरीने एका माणसाचा पत्ता दिला. तो म्हणे हात धरून एक हिसका देतो आणि खांदा मोकळा होतो. हा पत्ता मी जपून ठेवला आणि तिथे गेले नाही. पुढे कळले की ते बरे झाले. आतून सुजलेल्या, दुखऱ्या सांध्याला असे हिसके दिले की दुखणे चिघळते. आणि हाड ठिसूळ असेल तर मोडण्याचीही भीती असते.

त्याच आठवड्यात मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काय पाहिले ते सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला ते उपयोगी पडेल. माझे कोपर कुशीला टेकवून ठेवायला सांगितले आणि पंजा धरून हात बाहेरच्या बाजूला फिरवून पाहिला, दार उघडतो तसा. डावा हात सरळ बाहेर गेला. उजवा थोडा गेला आणि अडला. मी अडवला नव्हता. तो आतूनच अडत होता. "हे फ्रोझन शोल्डर," ते म्हणाले. स्नायूंची दोरी तुटलेली असेल तर बाईला आपला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो बहुधा वर जातो. इथे तिलाही उचलता येत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. एवढ्या एका खुणेने पुष्कळ उलगडा होतो. मग एक्स-रे काढला तो दुसरे काही नाही ना एवढे पाहण्यासाठी, आणि रक्तातली साखर आणि थायरॉईड तपासायला सांगितले. मला वाटले, खांद्याचा आणि साखरेचा काय संबंध? पण संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. मधुमेह असणाऱ्यांना हे दुखणे इतरांहून पुष्कळ अधिक होते, आणि बरे व्हायलाही जास्त वेळ लागतो. कित्येकदा खांदा धरला म्हणून तपासणी होते आणि त्यात मधुमेह पहिल्यांदा सापडतो. चाळीस ते साठ हे याचे वय. आणि पुरुषांपेक्षा बायकांवर याची मर्जी अधिक.

नाव नवे असले तरी दुखणे नवे नाही. सुश्रुतसंहितेत वाताच्या विकारांत 'अवबाहुक' येतो, तो खांद्याचाच. फ्रोझन शोल्डर हे नाव बॉस्टनच्या कॉडमन नावाच्या शल्यचिकित्सकाने १९३४ साली रूढ केले. त्याने पुष्कळ वर्षे खांद्याच्या अभ्यासात घालवली. हे दुखणे नेमके कशाने होते ते सांगणे अवघड आहे, असे त्याने तेव्हाच कबूल केले होते, आणि ती अडचण अजून पुरती सरलेली नाही.

शाळेत आपण खांद्याला उखळीचा सांधा म्हणून शिकलो. माझे व्यवसायबंधू क्षमा करोत, पण ही उपमा खुब्याला शोभते, खांद्याला नाही. खुब्याचा सांधा खरोखर उखळीसारखा खोल असतो. खांद्याची खोबण म्हणजे चहाची बशी, आणि तिच्यावर ठेवलेले मोठे लिंबू म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा. गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्साच एका वेळी बशीला टेकलेला असतो. म्हणून तर हात चहूकडे फिरतो; शरीरातला दुसरा कुठलाही सांधा एवढा फिरत नाही. पण हे लिंबू बशीवरून घरंगळत का नाही? चार लहान स्नायू पाठीच्या फऱ्यापासून निघून त्याला पुढून, वरून आणि मागून कवळून धरतात. त्यांच्या आत सांध्याभोवती एक मऊ, सैल पिशवी असते. हात खाली असताना तिला काखेकडे चुण्या पडलेल्या असतात आणि हात वर गेला की त्या उलगडतात, परकराच्या घेरासारख्या. धरलेल्या खांद्यात ही पिशवी सुजते, जाड होते, आक्रसते आणि चुण्या एकमेकींना चिकटल्यासारख्या होतात. मग हात वर जाणार कसा? परकराचा घेरच शिवून टाकला तर बाई चालणार कशी?

हे दुखणे तीन अंगांनी जाते. पहिले काही महिने दुखण्याचे. नंतरचे काही महिने आखडण्याचे; त्यांत दुखणे उतरते, पण हात अडतो. मग हळूहळू सुटण्याचे. सगळे मिळून वर्ष ते तीन वर्षे. बहुतेकींचा हात बराचसा सुटतो, काहींना थोडी अढी कायमची राहते. डॉक्टर सांध्यात सुई देतात, तिने पहिल्या महिन्यांतले दुखणे बरेच हटते. मात्र मधुमेह असलेल्या बाईची साखर त्यानंतर काही दिवस चढू शकते, हे तिला आधी सांगायला हवे. फारच अडून बसले तर गुंगी देऊन हात सोडवणे किंवा दुर्बिणीची शस्त्रक्रिया हे पुढचे उपाय. आणि एक गोष्ट खांद्याच्या नावाखाली कुणीही घरी बसून सोसू नये: डाव्या खांद्यात अचानक कळ, त्याबरोबर घाम, छातीत दडपण, धाप. ते दुखणे खांद्याचे नसते; तिथे तेल चोळीत बसायचे नसते, दवाखाना गाठायचा असतो.

आता फुगडीचा भाग. फुगडीने खांदा धरतो का? डॉक्टर म्हणाले, असे म्हणता येणार नाही; आयुष्यात कधी फुगडी न घातलेल्या बायकांचे आणि पुरुषांचे खांदे रोज माझ्याकडे येतात. पण धरू लागलेल्या खांद्याला फुगडी काय करते, ते त्यांनाही सांगता येईना, कारण त्यांनी ती घातली नव्हती. म्हणून मी आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना गाठले. त्यांनी आधी मला वेड्यात काढले आणि मग मधल्या सुट्टीत चहा थंड होईपर्यंत कागदावर आकडे मांडले. पंचावन्न किलोची बाई, पाय मध्यापाशी, अंग मागे रेललेले, दीड सेकंदाला एक फेरा. त्यांचा अंदाज असा निघाला की तिच्या दोन्ही हातांवर मिळून पन्नास ते साठ किलोंची ओढ येते. म्हणजे जवळजवळ तिच्याच वजनाएवढी. दोन हातांनी फुगडी असेल तर ती वाटली जाते. एका हाताची घातली तर सगळी एकाच खांद्यावर. आणि गिरकीमुळे येणारी ओढ वेगाच्या वर्गाने वाढते: वेग दुप्पट झाला की ती चौपट. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या की फुगडीचा वेग वाढतोच. "म्हणजे टाळ्या फार महागात पडतात तुमच्या खांद्याला," सहकारी म्हणाले. त्यांनी एवढे काव्य पूर्वी कधी केलेले मला आठवत नाही.

ही ओढ गोळ्याला बशीवरून बाहेर खेचू पाहते. ती सोसायची ती त्या चार स्नायूंनी आणि फऱ्याला मागे धरून ठेवणाऱ्या पाठीच्या स्नायूंनी. ते जागे असतील तर सांध्यावर भार येत नाही. ते झोपलेले असतील, कोपरे ताठ आणि खांदे कानांपाशी चढलेले असतील, तर सगळे पिशवीवर लटकते. वहिनीची फुगडी आणि आम्हा इमारतीतल्या बायकांची फुगडी यांत मला नेहमी काहीतरी वेगळे वाटे. ते काय, हे मला त्या दिवशी समजले. तिचे खांदे फुगडीत खाली असतात आणि कोपरांना किंचित बाक असतो. तिने विहिरीचे पाणी शेंदले आहे, जाते ओढले आहे. ओढण्याचे काम पाठीने करायचे असते, हे तिच्या शरीराला कुणी न सांगता ठाऊक आहे. आमच्या शरीरांना खडू, माऊस आणि स्कूटरची मूठ एवढेच ठाऊक.

म्हणून 'पूर्वीच्या बायका कशा धडधाकट होत्या' ही चालीवरची ओवी मात्र मी गाणार नाही. हे मी एकदा वहिनीपाशी बोलले तेव्हा ती म्हणाली, "सासूचा माझ्या हात वर जातच नव्हता. चुलीवरची उतरंड आम्हीच काढून द्यायचो. दुखतंय म्हणून कुणी विचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई." मग तिनेच आठवण काढली ती खांदेमळणीची. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळायचे. वर्षभर जू वाहून खांदेसूज येते, म्हणून त्या दिवशी औत नाही, गाडी नाही, खांद्यावर ऊन ऊन हात. तिच्या सासऱ्यांच्या दावणीला चार बैल होते आणि चौघांचे खांदे सासूच मळायची. तिच्या त्या न उचलणाऱ्या हातांनी.

खांदा हा शब्द संस्कृतातल्या स्कंधापासून आला आणि मराठीत त्याने पुष्कळ कामे अंगावर घेतली. खांदेकरी, खांदेपालट, खांद्याला खांदा, शेवटी खांदा देणे. एवढ्या शब्दांत बायकांच्या वाट्याला आलेला एकही नाही, हे मी व्याख्यानात सांगते तेव्हा मुले वहीत उतरवून घेतात. असो, मुद्दा फुगडीचा आहे.

फिजिओथेरपी करणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची. "काकू, हात सोडून द्या," हे तिचे पहिले वाक्य. टेबलाला डाव्या हाताने टेकायचे, कमरेतून वाकायचे आणि उजवा हात विहिरीत पोहरा सोडावा तसा खाली सोडून द्यायचा. मग अंग हलवायचे म्हणजे हात आपोआप झुलतो: पुढेमागे, आडवा, लहानसा गोल. हात स्वतः हलवायचा नाही, हीच त्यातली किमया. हा व्यायाम त्या कॉडमनचाच. दुखण्याच्या महिन्यांत मी एवढेच केले, दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटे. आधी ऊन पाण्याच्या पिशवीचा शेक. रात्री उताणे झोपून दंडाखाली चौघडी घातलेली चादर. त्याने झोप मिळू लागली आणि झोप मिळू लागल्यावर माणसांत आले.

आखडण्याच्या महिन्यांत व्यायाम वाढले. भिंतीसमोर उभे राहून बोटांची मुंगी वर चढवायची. कुठवर चढली तिथे पेन्सिलीची खूण. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या खुणा अजून आहेत. नवरा म्हणतो, मुलीची उंची मोजल्याच्या खुणा पुसल्या आणि तुझ्या आल्या. पंचा पाठीमागे धरून वरच्या हाताने खालचा ओढायचा, पाठ पुसतो तसा. उताणे पडून कोपरे कुशीला लावायची आणि लांब लाटण्याची दोन टोके दोन हातांत धरून चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलायचा. हा सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत कामाचा. किती दुखेपर्यंत करायचे? तिचा नियम सोपा होता: व्यायामानंतर थोडा वेळ ठणकले तर चालेल, रात्रभर ठणकले तर उद्या निम्मे करा. 'दुखेल तेवढे चांगले' म्हणणारे जे आहेत ते स्वतःच्या खांद्याविषयी बोलत नसतात.

शेवटी ओढण्याची ताकद. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून दोन्ही कोपरे मागे घ्यायची, फरे एकमेकांकडे आणायचे. पाणी शेंदण्याचीच कृती ती. वहिनीने पाहिले आणि म्हणाली, "त्यापरीस आमच्या हिरीवर यायचं की." विहीर अजून आहे, पाणी तिला वापरण्याजोगे राहिलेले नाही.

त्या वर्षी मी फुगडी घातली नाही; गाणी म्हटली आणि झिम्मा एका हाताने. पण त्याच श्रावणात आमच्या पथकात एक प्रकार घडला. एका बाईचा खांदा दुखत होता आणि स्पर्धेत जोडी मोडायला नको म्हणून तिने ते जोडिणीला सांगितले नव्हते. ऐन वेगात तिला कळ आली आणि हात सुटले. ती स्वतः बसली, समोरची मात्र गुळगुळीत फरशीवरून घसरत जाऊन मनगटावर आपटली. मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर. कुणी कुणाला बोलले नाही. पण त्यानंतर दोन तालमी झाल्याच नाहीत, आणि तिसऱ्या तालमीला वहिनीने सगळ्यांसमोर विचारले, "कुणाकुणाचं दुखतंय? हात वर करा." अर्ध्या मिनिटाने कुणाच्या तरी लक्षात आले की दुखणाऱ्यांना हातच वर करता येणार नाही, आणि इतके दिवसांची कोंडी हसण्यात फुटली. पाच जणी निघाल्या त्या तेव्हा.

मग आम्ही आमच्या खेळाची मांडणी बदलली. पूर्वी उत्साहाच्या भरात सुरुवातच फुगडीने होई. आता आधी संथ फेर, मग झिम्मा, अंग चांगले तापले की पिंगा, आणि फुगड्या त्यानंतर. एका हाताची फुगडी पन्नाशीच्या बायकांना बंद. तरुण मुलींनी घालावी. ज्यांचा खांदा सुटू लागला आहे त्यांनी दंडफुगडी घालायची. एकमेकींचे दंड धरल्याने अंतर कमी होते, रेलणे कमी होते आणि वेगही आपोआप बेताचा राहतो. दिसायला ती थोडी कमी दिसते, हे खरे. काचेच्या बांगड्या उतरवून ठेवायच्या, हाताला तेल किंवा ताजी मेंदी नको. गुळगुळीत फरशीवर फुगडी नाही; पूर्वी सारवलेल्या अंगणात चवडे फिरत पण सटकत नसत, तसे आमच्या वाहनतळातल्या खरबरीत कोब्यावर बरे जमते. जोडी वजनाने आणि उंचीने जवळची. आणि थांबण्याचा एक शब्द ठरलेला. आमचा शब्द 'आली गं'. तो कानावर आला की समोरचीने कारण विचारायचे नाही आणि हात तर मुळीच सोडायचे नाहीत; आधी वेग उतरवायचा, मग कोपरे वाकवून एकमेकींना जवळ घ्यायचे, पाय थांबले की हात सोडायचे. हे आम्ही इतक्या वेळा घोकले आहे की आता तालमीत कुणी उगीच खोकले तरी जोड्या थांबतात.

यंदा श्रावणात माझ्या भाचीची पहिली मंगळागौर झाली. माझी मुंगी आता भिंतीवर डाव्या हाताच्या खुणेच्या चार बोटे खाली थांबते; अंबाडा घालता येतो, नाडी अजून मुलगीच बांधते. फळ्याची वरची ओळ मला परत मिळाली आहे. रात्री साडेअकराला वहिनी आणि मी उठलो. दंडफुगडी, वीस फेरे. मी मोजले नाहीत, भाचीच्या सासूबाईंनी मोजले. अकराव्या-बाराव्या फेऱ्याला मला जाणवले की वहिनीची डावी बाजू नेहमीसारखी येत नाही. ओढ उजवीकडून येते आहे आणि डावीकडे नुसती पकड आहे. मी 'आली गं' म्हटले नाही, कारण तो शब्द जिचे दुखते तिने म्हणायचा. वेग मात्र मी हळूहळू कमी करत आणला. थांबल्यावर आम्ही दोघी खांबाला टेकून उभ्या राहिलो.

"वहिनी, कधीपासून?"

"नागपंचमीपासून," ती म्हणाली. "रात्री लई ठणकतोय. तुमच्यासारखंच झालंय वाटतं, ताई."

तिच्या आईला मधुमेह होता, हे मला ठाऊक आहे. तिची साखर कधी कुणी तपासलेली नाही. त्या रात्री मी तिला भिंतीपाशी नेऊन कोपर कुशीला लावायला सांगितले आणि पंजा हलकेच बाहेर नेऊन पाहिला. थोडा गेला आणि अडला. येत्या सोमवारी मला पहिला तास नाही. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला तिला घेऊन जायचे आहे, आणि तिथूनच पुढे खांद्याच्या डॉक्टरांकडे. पंचा तिच्याकडे आहे. लांब लाटणे मी देणार आहे.